घोड्याचं खोगीर, खेचराची पाठ

ओझ्याची खोगिरं बनवायला मला सासऱ्यांनी शिकवलं. त्यांचा एकच नियम होता: जनावराच्या पाठीला हात लावल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही. शिशाची जाड तार ते पाठीवर आडवी दाबायचे, तिचा बाक कागदावर गिरवायचे आणि मगच खोगिराच्या फळ्या तासायला घ्यायचे. सासरे गेले आणि तार खिळ्याला लटकली. मी लहान, मधली, मोठी अशी तयार खोगिरं टांगून ठेवू लागलो. गिऱ्हाईक आलं, की त्याच्या जनावराकडे एक नजर टाकायची आणि काठीनं खोगीर खाली काढायचं. याची नजर म्हणजेच माप, असं लोक म्हणायचे. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

एका बाजारच्या दिवशी टपालवाली आली. वरच्या वस्त्यांना गाडीरस्ता नाही. तिथलं टपाल आणि दवाखान्याची औषधं ती खेचरावर लादून न्यायची. आधी नवरा न्यायचा, त्याच्यामागे ती. तिनं माप घ्यायला सांगितलं. या खेचराची पाठ सपाट आहे, घोड्याचं खोगीर त्याला चालत नाही, म्हणाली. ओट्यावर चार-पाच घोडेवाले बसले होते. त्यांच्यादेखत एका बाईनं मला माझा धंदा शिकवावा, हे मला झोंबलं. वीस वर्षं हेच करतोय, असं म्हणत मी मधलं खोगीर काढून तिच्या हवाली केलं. ते घोड्याच्या मापाचं होतं. मला ठाऊक होतं. पोटाखालचा तंग आवळला की बसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

बारा दिवसांनी ती परत आली. खेचराची पाठ उघडी होती आणि खोगीर तिच्या खांद्यावर. मानेच्या मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, तळहाताएवढी कातडी सोलवटली होती. मी खोगीर उलटं केलं. गादीतलं गवत दोनच जागी दगडासारखं दाबलं गेलं होतं, बरोबर फळ्यांच्या खालच्या कडा टेकतात तिथं. बाकी गादी फुगलेलीच. फळ्या अरुंद बाकाच्या, पाठ रुंद, त्यामुळे सगळा भार त्या दोन कडांवर. हे कळायला मला क्षणही लागला नाही.

पण तेच घोडेवाले ओट्यावर होते. माझ्या तोंडून निघालं, "खोगिराला काय धाड भरलीय? दोन्हीकडे सारखं वजन लादायला शिका आधी."

एक जण हसला. दुसरा म्हणाला, हे बाईमाणसाचं कामच नव्हे. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त खोगिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खोगीर तिथंच टाकून खेचराला घेऊन निघून गेली.

गाद्या शिवायचं काम बायकोचं. आतून तिनं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी तिनं ती गादी माझ्यापुढं टाकली आणि दाबलेल्या जागेवर दाभणाचं टोक ठेवलं. मी सांगू लागलो, की वाट खडकाळ आहे, खेचर म्हातारं आहे, तंग सैल राहिला असेल.

"खोगीरभरती पुरे," ती म्हणाली. "हे बाबांच्या दुकानातून गेलंय."

उद्या तिच्याकडे जातो म्हणालो. उद्याचा परवा झाला, परव्याचा आठवडा. इकडे माझ्या शब्दाला पाय फुटले. टपालवालीनं जनावराची पाठ फोडली, असं बाजारभर झालं. एक दिवस एक घोडेवाला आनंदानं सांगत आला, की टपालाचं काम आता त्याच्याकडे आलंय. औषधं तेवढी ती अजून नेते, पण स्वतःच्या पाठीवर. खेचरावर काडीही ठेवत नाही. "तुमच्या एका शब्दानं काम झालं बघा," म्हणत त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. तो गेल्यावर मी खिळ्यावरची तार उतरवली.

दुसऱ्या दिवशी तार घेऊन मी तिच्या घराकडचा चढ चढलो. ती दारात खेचराच्या जखमा धूत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की खोगीर अरुंद होतं, आणि ते मला त्या दिवशीच दिसलं होतं.

"त्या दिवशीच?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. तिनं हातातलं फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, घ्या माप. खेचर मला हात लावू देईना. कान मागे पाडून ते बाजूला सरकायचं. शेवटी तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं, तेव्हा कुठं मला तार टेकवता आली.

फळ्या नव्यानं तासल्या. उतारावर खोगीर पुढं घसरू नये म्हणून मागच्या मांड्यांवरून फिरणारा रुंद पट्टा जोडला. जखमा भरल्यावर खोगीर वर नेलं. फळ्यांना खडूची भुकटी चोळून ते पाठीवर टेकवलं आणि उचललं. पांढरा ठसा फळीच्या लांबीभर सारखा उमटला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"बसलं," ती म्हणाली. "पण तुम्ही बोललात चारचौघांत. ते इथं एकट्यात येऊन परत घेता येतं का?"

पुढच्या बाजारी मी ओट्यावर उभा राहिलो. वाटेत घोकलेलं सगळं विसरलो. चूक टपालवालीची नव्हती, माझी होती, आणि ठाऊक असून मी खोटं बोललो, एवढंच कसंबसं बोलता आलं. कुणी हसलं नाही. टपालाचं काम मिळालेला खाली बघत राहिला. एक जण म्हणाला, जाऊ द्या, होतं असं. दुसरा मात्र हळूच आपला घोडा पुढं घेऊन आला आणि म्हणाला, याचंही माप एकदा तारेनं बघा.

टपालाचं काम तिला परत मिळालं नाही. दवाखान्याचं तेवढं राहिलं. खेचराच्या जखमांवर केस उगवले ते पांढरे, काळ्या पाठीवर दोन डाग. या जनावराला कधीतरी चुकीचं खोगीर घातलं होतं, हे धंद्यातला कुणीही लांबून सांगेल. दर बाजारी ती माझ्या दुकानासमोरच्या हौदाशी खोगीर उतरवून त्याला पाणी पाजते. एखादा नवखा विचारतो, पाठ कुणी बिघडवली याची? ती काही बोलत नाही. मी हातातलं काम खाली ठेवतो, बाहेर जातो आणि सांगतो.