तळ्यातली ॲव्हिस

“जा म्हणते ना! फळ्या मी सांभाळते.” ॲव्हिसने नवऱ्याच्या हातातली पहार हिसकावूनच घेतली.

“आणि पाणी बोटभर उतरलं तर? काठाचा चिखल दिसेल. कारभारी माझं सालटं काढेल!”

“उद्यापासून नवा माणूस येतोय. पाण्यातला किल्ला आजच बघून घे, नाहीतर मरेपर्यंत मलाच रडगाणं ऐकवशील.”

खरंच होतं ते. तीस वर्षं हॅमो किल्ल्याच्या तळ्याचं पाणी अडवणारं दार राखत होता. फळ्या खालीवर करून पाणी काठोकाठ आणि निवांत ठेवायचं, म्हणजे त्यात किल्ला दिसतो. वेशीपासून किल्ल्याचा दरवाजा दोनशे पावलांवर. पण पाहुण्या शिलेदारांना मुद्दाम अख्ख्या तळ्याला वळसा घालायला लावत. किल्ला वीराला सहजासहजी मिळू नये, आधी दुरून दिसावा, जीव झुरावा, असं मालकांचं म्हणणं. गावकरी म्हणत, जेवणाआधी भूक लागावी म्हणून फिरवतात.

हॅमोने मात्र ते दृश्य एकदाही पाहिलं नव्हतं. पाहुणे आले की तो दारापाशी, वाळुंजाच्या झुकलेल्या फांद्यांआड. चाकर नजरेस पडता कामा नये, असा कारभाऱ्याचा हुकूम होता.

आज मालकांच्या मुलाच्या कमरेला शिलेदारीची तलवार बांधायची होती. पाहुणे आल्याची शिंगं वाजली आणि हॅमो दुखरे गुडघे विसरून पळत सुटला. घोडे तळ्यापलीकडच्या वळणावर पोचायला आणि तो तिथल्या कुंपणाआड धापा टाकत बसायला एकच गाठ पडली.

आणि दिसलं! अख्खा किल्ला उलटा, निशाणांसकट, आणि बुरुजांवरून हंस पोहत चाललेले. “आई गं!” हॅमोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हे आपण राखलं, आपण!

मग पाण्यातच, समोरच्या काठाशी, त्याला लाल फडकं दिसलं. ॲव्हिसच्या डोक्यावरचं. फांद्यांनी वरून जे झाकलं होतं, ते सगळं खालच्या पाण्यात उघडं दिसत होतं. म्हणजे तीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याने आपल्यालाही पाहिलं? हॅमोला हसू आवरेना.

“थांबा!” पुढचा तरणा शिलेदार ओरडला. “ती बघा, पाण्यातली बाई! किल्ल्याची धनीण असणार.”

“मग तोंड काय बघतोस? मुजरा कर की!” मागचा म्हातारा खेकसला.

तरण्याने शिरस्त्राण काढलं आणि खोगिरावरच कमरेत वाकला. पाठोपाठ मागचे आठही जण वाकले. कुंपणाआड हॅमोनेही टोपी काढली.

तिकडे ॲव्हिसला कशाचाच पत्ता नव्हता. फळीला खांदा लावून ती बाहीला नाक पुसत होती.