हॉरीच्या रस्त्यातलं पाणी

आमच्या घराचा रस्ता खराब आहे, असं सगळे म्हणायचे. मी म्हणायचे, रस्ता खराब असायला आधी रस्ता असावा लागतो. गेटपासून टेकडीवरच्या आमच्या दारापर्यंत दीड किलोमीटर जे काही होतं, तो माझ्या नवऱ्याने हौसेने पाळलेला ओढा होता. पाऊस पडला की उतारावरचं सगळं पाणी त्या वाटेत शिरायचं, वाट खरवडत खाली धावायचं आणि गेटजवळच्या आमच्या शेततळ्यात जाऊन पडायचं. हॉरी व्हरांड्यात उभा राहून ते बघायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी त्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.

इकडे जेम्सटाउनच्या उत्तरेला पावसावर भरवसा ठेवणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. पाऊस थांबला की आधी फोन वाजतो, ‘तुझ्याकडे किती?’ शेजाऱ्याला एक मिलिमीटर जास्त मिळालेला निघाला तर त्या दिवशी जेवण गोड लागत नाही. दुसरीकडे म्हणे शेजाऱ्याच्या रानात पाणी सोडलं म्हणून भांडणं होतात. आमच्याकडे सोडलं नाही म्हणून होतात. आमच्या वाटेच्या खालच्या अंगाला कॉल निच्कीचं कुरण आहे. आमच्या टेकडीचा थेंबही त्या कुरणात जाता कामा नये, हे हॉरीने आयुष्यभर पाळलेलं एकमेव व्रत. चर्चला तो नाताळलाच जातो.

गेल्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडच्या पावसाळ्यात, हॉरी पाण्याच्या टाकीवर चढला. टाकी भरली का ते बघायला, दुसरं काय! शिडी ओली होती. खाली पडला आणि मांडीचं हाड मोडलं. मी फोन केला, अँब्युलन्स आली, आणि दुसऱ्या वळणावर चाकं घळीत जाऊन बसली. आमच्या भागात अँब्युलन्सवर गावातलेच लोक पाळीपाळीने काम करतात. त्या दिवशी पाळी नेमकी कॉलची. त्याने आणि त्याच्या जोडीदाराने हॉरीला स्ट्रेचरवर घालून चिखलातून खाली, गेटपाशी मागवलेल्या दुसऱ्या गाडीपर्यंत नेलं. मी छत्री धरून बाजूने चालत होते.

“कॉल,” स्ट्रेचरवरून हॉरी कण्हत म्हणाला, “तुझ्याकडे किती पडला?”

“बारा.”

“माझ्याकडे चौदा.”

“तू मोजायच्या आधीच पडलास की रे, लबाडा!” कॉल धापा टाकत म्हणाला. “पुढच्या वेळी मरायचं झालं तर गेटपाशी येऊन मर. माझी कंबर राहिली नाही आता.”

हाड जुळून आलं. पण टॅनिया, आमची एकुलती एक पोर, ती काही गप्प बसेना. ती राहते गॉलरला, दोन तासांवर. तिची गाडी छोटी, जमिनीला पोट घासणारी, त्यामुळे ती गेटपाशी गाडी ठेवायची आणि मी पिकअप घेऊन तिला आणायला जायचे. पुढे पुढे वर्षातून दोनदाच येऊ लागली. ईस्टरला तिने फोनवर सरळ सांगून टाकलं.

“आई, माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर एक युनिट रिकामं होतंय. तुम्ही दोघं तिथे या. बाबांना परत काही झालं तर त्यांना कोण उचलून नेणार?”

“कॉल.”

“चेष्टा नको. जूनच्या लाँग वीकेंडला मी येते. माझी गाडी व्हरांड्यापर्यंत आली, तर पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही आली तर सामान बांधायचं. कबूल?”

मी कबूल म्हणाले. ते युनिट, म्हणजे दोन खोल्यांचं बसकं घर, मी पाहिलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याची कचऱ्याची पेटी दिसते. माझ्या खिडकीतून सकाळी कांगारू उतरताना दिसतात आणि संध्याकाळी डोंगर तांबडे होतात. मला जायचं नव्हतं. पण खरं सांगते, त्या चिखलात छत्री धरून चालताना मला भीती वाटली होती, आणि टॅनियाचं चूक आहे असं म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. म्हणजे राहायचं तर रस्ता हवा. दुसरी वाट नव्हती.

हॉरीला सांगितलं तर म्हणाला, “त्यात काय! आठवड्याचं काम.” चाळीस वर्षं तेच आठवड्याचं काम राहिलं होतं.

मी कॉलला जेवायला बोलावलं. माझ्या हातच्या, मांस-बटाटा भरलेल्या पास्टीपुढे निच्की घराण्यात कुणाचं काही चालत नाही. पिकअपच्या बॉनेटवर गरम पास्ट्या ठेवल्या आणि आम्ही तिघं उतारावर उभे राहिलो. कॉलने तोंड भरलेलं असतानाच बोलायला सुरुवात केली.

“हे बघ. पाणी रस्त्यावर जितकं जास्त चालेल तितका त्याला जोर येतो. जोर यायच्या आत त्याला बाहेर काढायचं. रस्ता मध्ये उंच ठेवायचा, दोन्ही कडांना उतार द्यायचा. वरच्या अंगाला चर खणायचा. मधल्या खोलगट जागांत रस्त्याखालून सिमेंटचे नळे टाकून चरातलं पाणी पलीकडे न्यायचं. आणि खालच्या अंगाला मोकळं सोडायचं.”

“मोकळं म्हणजे?” हॉरीने विचारलं.

“म्हणजे माझ्या कुरणात.”

“अस्सं!”

“माझ्या मेंढ्या तुझं नाव घेऊन पितील, हॉरी.”

हॉरीने पास्टी खाली ठेवली. मी त्याच्याकडे बघितलं, म्हणजे कसं बघितलं ते त्याला समजलं. त्याने पास्टी परत उचलली. “ठीक आहे,” तो म्हणाला. इतक्या पटकन तो ठीक आहे म्हणाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. शेडमधून आमचा जुना चेंबरलेन ट्रॅक्टर निघाला. आधी मागे फाळ लावून हॉरीने ती दगडासारखी वाट उकरली. मग मागे माती ओढायची लोखंडी पात लावली, ती तिरकी केली आणि कडेची माती मध्ये ओढत ओढत नेली. एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर. मोडलेल्या मांडीखाली उशी घेऊन तो दिवसभर बसायचा, आणि संध्याकाळी उतरताना मला खांदा द्यावा लागायचा. मी पिकअपमधून दगड आणत होते. नळ्याच्या तोंडाशी दगड रचले नाहीत तर पडणारं पाणी तिथेच खड्डा करतं, हे मला कॉलने शिकवलं. त्याने खालच्या कडेला लाल फिती बांधलेल्या खुंट्या ठोकल्या. तिथून तिथून पाणी बाहेर पडायचं. मग खाणीतून मुरूम आला, पसरला, कॉलच्या रोलरने दाबला. मी त्यावरून चालत घरी आले तेव्हा पायाखाली काही हललं नाही. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

फक्त एक गोष्ट डोळ्यात खुपत होती. रस्त्याच्या खालच्या कडेला, सगळ्या लांबीभर, मातीचा एक वीतभर उंच बांध राहिला होता. नळ्यांच्या तोंडांपुढूनही तो तसाच वळवून नेला होता.

“हे काय?” कॉलने विचारलं.

“कड खचू नये म्हणून,” हॉरी आभाळाकडे बघत म्हणाला.

“कड खचत नाही रे. पाणी अडतं.”

“थोडंफार.”

“थोडंफार नाही लेका, सगळं. नळ्यातून आलेलंसुद्धा. आणि ते कडेकडेने पळत सरळ तुझ्या तळ्यात जाणार. खुंट्या काय मी फिती मिरवायला ठोकल्या?”

हॉरीने ट्रॅक्टरचा आवाज वाढवला. त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मीही दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडले. ‘उद्या काढतो’ म्हणाला. तो उद्या काही उगवला नाही.

पाऊस मात्र उगवला. लाँग वीकेंडच्या आधीच्या गुरुवारी, दुपारच्या चहाच्या वेळी. पश्चिमेकडून काळं आलं आणि छपराचा पत्रा इतका वाजायला लागला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. हॉरी व्हरांड्यात गेला. मी रेनकोट चढवून रस्त्यावर गेले.

पहिला टप्पा सुंदर होता. मधल्या उंचवट्यावरून पाणी दोन्हीकडे उतरत होतं, वरचा चर भरून वाहत होता, नळे घळाघळा ओकत होते. आणि खालच्या कडेला ते सगळं पाणी बांधाला टेकून उभं होतं. उभं म्हणजे क्षणभर. मग ते उताराने पळायला लागलं, आणि पळता पळता आमचा नवा मुरूम घेऊन निघालं. दुसऱ्या वळणावर हातभर रुंद घळ पडलेली मी डोळ्यांनी बघितली. मला रडू आलं. मग राग आला, आणि राग जास्त उपयोगी होता. मी शेडमध्ये जाऊन ट्रॅक्टर सुरू केला.

हॉरी लंगडत, ओरडत मागे आला. दुसऱ्या वळणावर तो पुढे होऊन चक्क ट्रॅक्टरसमोर उभा राहिला.

“नोला, थांब! ते पाणी आहे!”

“दिसतंय मला!”

“ते त्याला फुकट देऊ?”

“तुला ठाऊक आहे का, टॅनिया परवा येतेय? तुला ठाऊक आहे का, मला त्या खिडकीतून कचऱ्याची पेटी बघत मरायचं नाही?” मी इतकी ओरडले की घसा फाटला. “तुला पाणी पाहिजे ना? राहा मग इथे तळ्याच्या काठाला. मी जाते सामान घेऊन!”

त्याच्या टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं. मला ठाऊक आहे तो असा का आहे. आमच्या लग्नानंतरच्या मोठ्या दुष्काळात तळ्याचा भेगाळलेला तळ उघडा पडला, तेव्हा त्याने सगळ्या मेंढ्यांना स्वतःच्या हाताने गोळ्या घालून पुरलं होतं. त्या दिवसानंतर त्याने वाहून जाणारं पाणी कधी नुसतं बघितलं नाही. म्हणूनच इतकी वर्षं मी त्या ओढ्यातून मुकाट्याने पिकअप हाकली.

“तळं भरलं आणि तू गॉलरला गेलीस,” तो शेवटी म्हणाला, “तर मी कुणाच्या जिवावर इथे राहू?”

“मग सरक.”

“नाही. तू उतर. तुला पात तिरकी धरता येत नाही.”

तेवढं खरं होतं. मी उतरले. तो मांडी दोन्ही हातांनी उचलून वर बसला आणि कॉलच्या पहिल्या खुंटीपाशी त्याने पात बांधात घातली. बांध फुटला. साठलेलं पाणी भसकन कॉलच्या कुरणात उतरलं, आणि कडेने पळणारा लोंढा तिथल्या तिथे अर्धा झाला. दुसरी खुंटी, तिसरी. प्रत्येक ठिकाणी तो पाणी जाईपर्यंत बघत थांबायचा, मग पुढे. मी मागून फावड्याने तोंड मोठं करत होते, पायातले बूट चिखलात रुतत होते.

कुंपणापलीकडे कॉल उभा होता. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं आता हा जन्मभर पुरेल इतकं चिडवून घेणार. पण त्याने टोपी काढली, त्या पावसात, आणि पुन्हा घातली. मग मात्र त्याला राहवलं नाही.

“हॉरी! अजून जरा डावीकडून सोड! तिकडची बाजू कोरडी राहिली!”

हॉरीने त्याला जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. पण नंतर मी बघितलं, त्याने डावीकडून सोडलं.

शुक्रवारी आभाळ धुतल्यासारखं झालं. हॉरी आणि कॉल दोघांनी मिळून राहिलेला बांध खरवडला, ती घळ मुरमाने भरली, दाबली. दोघंही एकमेकांना अक्कल शिकवत होते, त्यावरून काम नीट चाललंय हे मला घरात बसून कळत होतं.

शनिवारी दुपारी टॅनियाची लाल गाडी गेटातून आत वळली. आम्ही व्हरांड्यात उभे. दुसऱ्या वळणावर हॉरीने माझा हात इतका आवळला की अंगठी रुतली. गाडी न थांबता, न घासता वर आली आणि पायऱ्यांपाशी उभी राहिली.

पण टॅनिया काही उतरेना. इंजीन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तशीच बसली. मी जाऊन दार उघडलं, तर डोळे पुसत होती.

“काय झालं गं? लागलं का खाली कुठे?”

“नाही. मस्त झालाय रस्ता.” तिने नाक ओढलं. “आई, मला वाटलं होतं, तुमच्याने हे होणार नाही. मी त्या युनिटचे पडदेसुद्धा बघून ठेवले होते. रोज संध्याकाळी कामावरून येताना तुझ्याकडे चहाला थांबायचं, असं ठरवून टाकलं होतं मी.”

मला इतके दिवस वाटत होतं, पोरीला आमची काळजी आहे. काळजी होतीच. पण तिला आई हवी होती, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. रस्ता झाल्याचा सगळा आनंद क्षणभर खाली बसला. मी वाकून तिला जवळ घेतलं, गाडीतच, सीटबेल्टसकट.

“मग ये ना,” मी म्हणाले. “रोज नाही जमायचं. पण आता दारापर्यंत येता येतं तुला. रात्री राहायचं आणि सकाळी जायचं.”

“दोन तास आहेत, आई.”

“कॉलची बायको आठवड्याला तितका वेळ केस सेट करून घेण्यात घालवते.”

ती हसली. मग उतरली, बापाच्या गळ्यात पडली, आणि तो तिला लगेच नळ्याची तोंडं दाखवायला घेऊन गेला. दगड आईने रचले, हे त्याने सांगितल्याचं मला वरूनही ऐकू आलं. सोमवारी जाताना ती म्हणाली, बघते कसं जमतं ते. मुलं असं म्हणतात तेव्हा आईने फार आशा धरू नये, हे मला ठाऊक आहे. मी धरली नाही.

त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, मेंढ्यांना चारा टाकून येत होते, तर खाली वळणावर लाल गाडी दिसली. फोन नाही, निरोप नाही. ती वर येईपर्यंत मी बादली हातात धरून तिथेच उभी राहिले.