करडीच्या तलावावरचा तह

करडीच्या तलावावर ताऱ्यांपलीकडची जहाजं उतरायला लागून आता बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला आजूबाजूच्या गावांतून लोक ट्रॅक्टर भरभरून बघायला यायचे. आता एखादं जहाज खाली आलं, की रोवणी करणाऱ्या बाया मान वर करून एवढंच पाहायच्या, की याची सावली आपल्या धानाच्या बांधीवरून कधी हटते.

आर्द्रा आणि चित्रा या दोन नक्षत्रांवरच्या लोकांची लढाई कित्येक पिढ्यांची. पृथ्वीचं आरमार लहान आणि कुणाच्याच बाजूचं नाही, म्हणून तह करायचा तर पृथ्वीवर, हे दोघांनाही पटलं. आर्द्रेच्या माणसांना गोड्या पाण्याबाहेर फार वेळ श्वास घेता येत नाही. त्यामुळे तलाव हवा होता, आणि आरमाराने निवडला तो करडीचा.

करडी हे लेफ्टनंट तृप्तीचं गाव. बातमी ऐकली तेव्हा तिने गृहीतच धरलं, की बोलण्यांवर राखण ठेवणाऱ्या पृथ्वीच्या जहाजाची कप्तान आपणच होणार. प्रशिक्षणात नेमबाजी असो की जहाज हाकणं, पहिला नंबर तिचाच असे. पण 'वैनगंगा' जहाज मिळालं कामिनीला. कामिनी लाखांदूरची, तृप्तीच्याच तुकडीतली, बेताच्या मार्कांनी वर सरकत आलेली. तृप्तीला तिची उपकप्तान केलं.

"खरं तर हे तुलेच भेटाले पाहिजे होतं," कामिनी मोकळेपणाने म्हणाली. तृप्ती हसली. घशात काटा अडकावा तसं ते हसू तिला दिवसभर सलत राहिलं.

बोलणी सुरू झाली. एका सकाळी तृप्ती कामासाठी जहाजावरून खाली उतरली, तर तिची माय ललिताबाई चहाची किटली घेऊन तलावाच्या बांधावर, पाळीवर आलेली. कामिनीसमोर वाकून ती म्हणत होती, "घ्या न जी, कप्तानबाई. सकाळपासून उभ्या आहा तुमी." मग लेकीकडे वळून हळूच म्हणाली, "एवढीशी पोर, पण दोन्हीकडचे तिचं आयकून राहिले. शिकून घे वं तिच्यापासून."

"माय, ती माह्याच बरोबरची हाय," तृप्ती म्हणाली.

"म्हणूनच तं सांगून राहिली."

तृप्ती चहा न घेताच वर निघून गेली.

त्याच दुपारी तृप्ती जहाजावर होती आणि कामिनी तलावाच्या पाळीवर. आर्द्रेचा दूत गळ्याएवढ्या पाण्यात, चित्रेचा दूत काठावरच्या खुर्चीत. चंद्राच्या अलीकडे कुणाचंही लढाऊ जहाज यायचं नाही, असं ठरलेलं होतं. आणि तृप्तीच्या पडद्यावर चित्रेचं एक लढाऊ जहाज दिवे विझवून चंद्राच्या आडून अलगद पुढे सरकताना दिसलं.

नियम साधा होता. असं काही दिसलं की आधी कप्तानला कळवायचं. तृप्तीचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं. कळवलं तर हुकूम कामिनी देणार, नाव कामिनीचं होणार. थोडं जवळ येऊ दिलं तर आपण एकटीच त्याला अडवू. मग आरमार विचारेल, तेव्हा कप्तान काय करत होत्या? चहा पीत होत्या.

"मॅडम, कप्तानले सांगू का?" शेजारी बसलेल्या राजकुमार नावाच्या खलाशाने विचारलं.

"थांब जरा."

पण ते जहाज आर्द्रेवाल्यांनाही दिसलं होतं. पृथ्वीचं जहाज गप्प बसलंय म्हणजे पृथ्वीही चित्रेला सामील, असाच अर्थ त्यांनी काढला. चंद्रापलीकडे थांबलेल्या त्यांच्या लढाऊ जहाजाने तिथूनच तोफा फिरवल्या त्या थेट करडीच्या काठावर, चित्रेच्या दूतावर. तृप्तीच्या पडद्यावर निशाण्याचं लाल वर्तुळ उमटलं. आर्द्रेच्या दूताचं पाणी तेवढं त्याबाहेर; आत पाळ होती, पाळीखालच्या बांध्या होत्या, आणि चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया. त्यांतलं हिरवं लुगडं तिच्या मायचं होतं.

तेवढ्यात यंत्रावर खालून कामिनीचा आवाज आला. "तृप्ती, आर्द्रेचा दूत म्हणते का चित्रेचं जहाज येऊन राहिलं आन् आमी ते लपवलं. मी त्याले सांगितलं, माही उपकप्तान असं करणारच नाई. तुले काय दिसून राहिलं?"

त्या आवाजात संशयाचा लवलेशही नव्हता.

"येऊन राहिलं," तृप्ती कशीबशी म्हणाली. "मी आडवी जातो."

तिने 'वैनगंगा' अशी वळवली की राजकुमार खुर्चीतून फेकला गेला. खाली कामिनीने चित्रेच्या दूताचा दंड धरला आणि त्याला ओढत पाण्यात नेऊन आर्द्रेच्या दूताला खेटून उभं केलं. मग स्वतः दोघांच्या मध्ये उभी राहिली. आता तोफ डागायची तर आर्द्रेला आपलाच दूत मारावा लागणार होता. गारठलेल्या चित्रेच्या दूताने आपल्या जहाजाला ओरडून मागे फिरायला सांगितलं. तह नको असलेल्या त्यांच्याच काही तरण्या अधिकाऱ्यांनी ते परस्पर आणलं होतं. समोर 'वैनगंगा' आडवी उभी, त्यात आपल्याच दूताचा हुकूम. ते परत फिरलं. संध्याकाळी तहावर सह्या झाल्या.

चौकशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. आरमारप्रमुख वासुदेवरावांनी विचारलं, "इशारा द्यायला उशीर का झाला?"

तृप्ती तोंड उघडणार तोच कामिनी उभी राहिली. "साहेब, बोलणी चालू असताना मला निरोप पाठवू नको, असं मीच तिला सांगितलं होतं. चूक माझी आहे."

हे सपशेल खोटं होतं. वासुदेवरावांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा कौतुकच जास्त उमटलेलं तृप्तीने पाहिलं आणि ती आतून पेटली. म्हणजे माझ्या चुकीतूनही हीच मोठी होणार? आणि हिचे उपकार मी जन्मभर डोक्यावर घेऊन फिरायचं?

"साहेब, कप्तान खोटं बोलत आहेत," ती उभी राहून म्हणाली. "मला जहाज दिसलं होतं. मी मुद्दाम कळवलं नाही. त्यांना कमीपणा यावा म्हणून."

कामिनीने खाली पाहिलं.

तृप्तीचा हुद्दा उतरवला गेला. तिला आरमारातून काढणारच होते, पण कामिनीने वासुदेवरावांना गाठून तिला आपल्याच जहाजावर मागून घेतलं, साधी खलाशी म्हणून.

"काहून मागितलं मले?" जहाजाच्या पायऱ्यांपाशी तृप्तीने विचारलं.

"साऱ्यायसमोर खरं बोललीस. मले नसतं जमलं," कामिनी म्हणाली. "असं माणूस जवळ पाहिजे."

आपण खरं का बोललो हे तृप्तीला पक्कं ठाऊक होतं. ते सांगावं असं एकदा ओठांवर आलं, पण तिने ते गिळलं. ती वर चढली आणि राजकुमारच्याही खालच्या जागेवर जाऊन बसली.

कामिनीने निघायचा हुकूम दिला. आवाज शांत होता, घाई नव्हती, शब्द मोजके. त्यात कुठे खोट सापडते का, म्हणून तृप्तीने अगदी कान देऊन ऐकलं. सापडली नाही.