शनिवारी भिजवलेलं बी

वाफा तिसऱ्यांदा रिकामा राहिला तेव्हा फूसीचा पारा चढला. "म्हातारीनं पुन्हा मेलेलं बी माझ्या गळ्यात मारलं!" ती नवऱ्यापुढे तणतणली. एवढ्यावर थांबती तर बरं होतं. पण चर्चमागच्या छपरीत गावच्या बायका चटया विणायला जमतात, तिथंही तिनं हे सगळ्यांना ऐकवलं.

लेसीली आजी वर्षानुवर्षं अख्ख्या गावाला भोपळ्याचं बी फुकट वाटायची. वावाऊ बेटावरच्या त्या गावात असं एकही परसू नव्हतं, जिथं तिचा भोपळा पिकला नाही. आता तिघी बायकांनी बी परत आणून तिच्या पायरीवर ठेवलं. त्या दिवशी आजी जेवली नाही.

सोमवारी सकाळीच ती काठी टेकत फूसीच्या दारात आली. फूसी उरलंसुरलं मूठभर बी पाण्यातून काढत होती.

"काय गं, भिजत कधी घातलंस?"

"शनिवारी सकाळी. शाळेतली नोकरी, सुट्टी तेव्हाच. संध्याकाळी लावणार होते, पण रविवारच्या जेवणासाठी उमूच्या भट्टीत भाजायचे तारोचे कंद सोलता सोलता दिवस सरला."

"मग काल?"

"अहो आजी, रविवारी, देवाच्या दिवशी, कुदळ धरू? पाद्रीबाबांना तोंड कसं दाखवू?"

"आणि आधीच्या तीन वेळा?"

"तेव्हाही हेच झालं."

आजीनं वाडगं नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. "शी! कुजलं की गं! दोन रात्री पाण्यात? तुला ठेवते बुडवून, बघू किती तरतरीत निघतेस! अगं, बियालाही श्वास लागतो. देवानं तुला रविवारी विसावा दिला, आणि तू ह्या बिचाऱ्यांना बुडवून मारलंस?"

फूसीनं वाडगं परत घेऊन हुंगलं. "आजी, बी जिवंत होतं. मीच मारलं! आणि वर तुमच्याच नावानं खडे फोडले."

"मला कळलंय ते, पोरी." आजीनं कनवटीची पुरचुंडी काढली. "हे परत आलेलं बी. आत्ता भिजव आणि आज संध्याकाळीच लाव."

आपण गावभर एवढं बोललो, तरी ही बाई पुन्हा देतेच आहे! फूसीला रडू आवरेना.

पुढच्या रविवारी, सगळं गाव हातावर हात ठेवून बसलेलं असताना, वाफ्यात अकरा कोंब वर आले. फूसी तशीच चर्चच्या दारात उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येकीला थांबवून म्हणाली, "आजीचं बी खणखणीत आहे. खोट माझ्यात होती." त्या तिघी मान खाली घालून आजीच्या पायरीकडे वळल्या.

वाचकहो, आपणही रोज कुणाचं तरी दिलेलं खातो. काही बिनसलं की पहिलं बोट त्या देणाऱ्याकडेच दाखवतो. त्याआधी आपल्या वाडग्यात एकदा डोकावून पाहावं.

पहिला पिकलेला भोपळा चिरला तेव्हा फूसीनं त्यातलं बी धुतलं, सावलीत वाळवलं आणि आजीच्या ओंजळीत ओतलं. "आता वाटायला मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली.