सात नंबरचा बिल्ला

खंडेनवमीला यंत्रांनी विसावा घ्यायचा, ही गिरणगावातली रीत. गिरण्या गेल्या, रीत राहिली. डिलाईल रोडच्या मागच्या गल्लीत जुन्या शेडमध्ये एक कोल्ड स्टोरेज आहे, मासळी आणि मटार ठेवायचं. तिथेही त्या दिवशी अकरा वाजता पॅनेलचं मोठं बटण खाली ओढतात. कॉम्प्रेसर गप्प होतो, दिवे जातात, आणि बारा महिने त्या घरघरीत ओरडून बोलणारी माणसं एकदम कुजबुजायला लागतात. पंधरा मिनिटांची पूजा, नारळ, पेढे, की बटण पुन्हा वर. तेवढ्यात उणे अठराचा माल काही वितळत नाही. पण पंधरा मिनिटं म्हणजे पंधराच हो. यंदा नारळ फोडणारे शेठच दादरला ट्रॅफिकमध्ये अडकले, आणि त्यांच्याशिवाय नारळाला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

अनुजा परब घड्याळाकडे बघत उभी होती. ती तिथली सुपरवायझर, आणि माणसांच्या सुरक्षेचं रजिस्टरही तिच्याच गळ्यात. लालबागच्या चाळीत वाढलेली, बाप गिरणीत जॉबर, कामगारांवरचा मुकादम, त्यामुळे आवाज खणखणीत आणि बाई नियमाला पक्की. तीन वर्षांपूर्वी तिनेच बिल्ल्यांचा नियम काढला होता. प्रत्येकाला नंबर घातलेला पितळी बिल्ला. थंड खोलीत शिरताना आपला बिल्ला दाराबाहेरच्या हुकला अडकवायचा, बाहेर आलं की काढून खिशात टाकायचा. हुकला बिल्ला दिसला म्हणजे आत माणूस आहे, दाराला बाहेरून खीळ घालायची नाही. हुक रिकामा म्हणजे खोली रिकामी. शेंबड्या पोराला कळेल इतकं सोपं. तरी लोक विसरायचेच. निलेशचा बिल्ला तर दिवसातून दोनदा हुकावर लटकत राहिलेला सापडायचा आणि अनुजा त्याची भर शेडमध्ये बिनपाण्याने करायची.

एकटा जगदीश कधी चुकला नाही. नायगावच्या बीडीडी चाळीतला, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. पूजेला तो नसायचा. बौद्ध माणूस, त्याला त्यात काही नव्हतं, आणि त्याचा त्याने कधी गाजावाजाही केला नाही. इकडे फुलं-हळद निघाली की तिकडे तो काहीतरी काम काढून बसायचा. नंतर कुणी पेढा दिला तर खायचा. बारा वर्षांत सगळ्यांना त्याची इतकी सवय झाली होती की पूजेच्या वेळी जगदीश कुठाय, हे विचारायचंच लोकांनी सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी ठरलेली, विहारात धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम. म्हणून आज तो एका हॉटेलची कोळंबीची खोकी आधीच वेगळी काढून ठेवायला तीन नंबरच्या खोलीत गेला. जाताना बिल्ला हुकला लावला. नेहमीसारखा.

आणि तो बिल्ला अनुजाने काढला.

मुद्दाम नाही हो. तिच्या घरी वडील गिरणीतला आपला बिल्ला दर खंडेनवमीला पूजेत मांडायचे. सकाळी पूजेची मांडामांड चालली होती, वजनकाटा, कटर, पहारी, चाव्या धुऊन ओळीने ठेवल्या होत्या, आणि तिच्या मनात आलं, यंदा बिल्लेही मांडू. ज्या बिल्ल्यांवर माणसांचा जीव अवलंबून, त्यांना हळदकुंकू नको का? ती फिरून सगळ्यांचे बिल्ले गोळा करत आली. दोन हुकांवर दोन बिल्ले लटकत होते. "मेला निलेश, आणि त्याच्या जोडीला आणखी कुणी विसरभोळा," असं पुटपुटत तिने दोन्ही उचलले, नंबर न बघता ओंजळीत टाकले आणि चिंच लावून घासायला मालनकडे दिले. मालन मटार निवडणाऱ्या बायकांची मुकादम. तिने ते असे लखलखीत केले की बघत राहावं.

पाच मिनिटांनी निलेश दारं लावायला निघाला. पॅनेल बंद ठेवायचं तर थंडी बाहेर जाता कामा नये. त्याने तीनही हुक बघितले. रिकामे. आयुष्यात पहिल्यांदा पठ्ठ्याने नियम पाळला. तीनही दारांना बाहेरून खिळी घातल्या आणि पॅनेलचं बटण खाली ओढलं.

साडेअकरा झाले. पावणेबारा झाले. अनुजाने शेठना फोन लावला.

"शेठ, पाऊण तास झाला. मी पॅनेल चालू करते."

"अगं, आलोच. परळला पोचलो. नारळाआधी मशीन चालू करायचं नाही, अपशकुन होतो."

"दगडूकाका, तुम्ही तरी सांगा," ती म्हणाली. दगडू सगळ्यात जुना हमाल, कुडाळकडचा, शब्दाला मान असलेला.

"बाय, शेठ येयपर्यंत थांबाक व्हया," दगडू म्हणाला. "इतकी वर्सां झाली, काय झाला आजपर्यंत?"

अनुजा चडफडली आणि पुन्हा घड्याळाकडे बघायला लागली. तिचा जीव मालासाठी टांगणीला लागला होता. आत खोलीत अंधारात एक माणूस घंटेचं बटण दाबत होता. आत अडकलेल्याने दाबायची ती घंटा पॅनेलच्या विजेवरच चालायची. वीज गेली तर वाजावी म्हणून तिला बॅटरी होती, ती जूनपासून मेलेली. अनुजाने दोनदा लिहून दिलं होतं. दिवाळीनंतर बघू, असं उत्तर आलं होतं. आणि दारं अशी जाड की आतून गळा फाटेस्तोवर ओरडलं तरी बाहेर चकार शब्द येत नाही.

शेठ आले तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते. नारळ फुटला, आरती झाली. निलेशने बटण वर केलं, कॉम्प्रेसर घरघरला, सगळ्यांनी हुश्श केलं. अनुजा ताट घेऊन फिरायला लागली. एका हातात पेढा, दुसऱ्यात ज्याचा त्याचा बिल्ला. निलेशला देताना टोमणाही मारला, "आता तरी सांभाळ रे, देवाच्या पायाचा आहे." लोक हसले. शेवटी ताटात एक बिल्ला उरला. सात नंबर.

"जगदीशभाऊंना दे कुणीतरी," ती म्हणाली. "कुठायत?"

"चहाला गेले असतील. ते कुठे येतात पूजेला?" मालन म्हणाली.

चहाला गेला असता तर बिल्ला त्याच्या खिशात असता. सकाळी फिरताना जगदीशने आपल्या हातात बिल्ला दिला का? अनुजाने आठवून बघितलं. दिला नव्हता. म्हणजे तो हुकावरचा होता. ताट हातातून सुटलं आणि पेढे फरशीभर झाले.

"तीन नंबर, कोळंबीची खोली," ती ओरडली. "दार उघडा. जगदीश आत आहे."

निलेशने धावत जाऊन खीळ उपसली आणि दांडा ओढला. दार हललं नाही. दाराच्या रबराजवळून गरम तार जाते, बर्फ धरू नये म्हणून. तीही तासाभराहून जास्त बंद होती. रबर चौकटीला चिकटून गच्च झालं होतं. तिघं लोंबकळले तरी ढिम्म.

"पहार आणा," अनुजा म्हणाली.

पहारी पूजेत. झेंडू वाहिलेल्या, उद्या सकाळपर्यंत हात न लावायच्या. क्षणभर कुणी हललं नाही, शेठही नाहीत. मग दगडूनेच ती मांडलेली पूजा पायाने बाजूला सारली, पहार उचलली आणि चौकटीत घातली. दोन वेळा सटकली, तिसऱ्यांदा कडाड करून दार सुटलं.

जगदीश दाराशीच होता. खोक्याचे पुठ्ठे अंगाखाली घेऊन, गुडघे पोटाशी घेऊन, हात काखेत खुपसून बसलेला. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि वीज आल्यावर घंटेचं बटण दाबायची ताकदही हातात उरली नव्हती. त्याने दिव्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलला, पण जीभ वळत नव्हती. मालन त्याचे हात चोळायला धावली.

"चोळू नका," अनुजा म्हणाली. "नुसतं गुंडाळा. टॅक्सी बोलवा."

टॅक्सीत बसवेपर्यंत सगळे निलेशवर तुटून पडले होते. खीळ तू घातलीस, बघितलं नाहीस, माणूस मारला असतास. निलेश एवढंच म्हणत होता, "हुक रिकामा होता, आईशप्पथ हुक रिकामा होता." त्याचं कोण ऐकतोय? रोज बिल्ला विसरणारा तो. शेठ अनुजाला बाजूला घेऊन म्हणाले, "बॅटरीबिटरी नको रजिस्टरात. लिही, पोराचं लक्ष नव्हतं." अनुजाने मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. ही गोष्ट तिला पुढे फार दिवस खात राहिली. तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, आणि तिच्या एकटीच्या पगारावर घर चालत होतं.

हॉस्पिटलमध्ये संध्याकाळी जगदीश शुद्धीवर, गरम पांघरुणात. जीव वाचला होता. उजव्या हाताच्या दोन बोटांचं काय ते आठवड्याने कळेल, डॉक्टर म्हणाले. उशाशी त्याची मुलगी संघमित्रा बसली होती. तिने अनुजाला स्टूल दिलं, पाणी दिलं.

"पहिली दहा मिनिटं दार बडवलं," जगदीश सावकाश म्हणाला. "मग म्हटलं, दम राखावा. बिल्ला बाहेर आहे. अनुजाताई हुक बघितल्याशिवाय राहायच्या नाहीत. तेवढ्यावर बसून राहिलो."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. नोकरी गेली तर गेली.

"निलेशची चूक नाही," अनुजा म्हणाली. "बिल्ला मी काढला. पूजेत ठेवायला. नंबर बघितला नाही. मी तसंच रजिस्टरात लिहिणार आहे, आणि बॅटरीचंही."

संघमित्रा बापाकडे बघत राहिली. जगदीशने वर पंख्याकडे बघत विचारलं.

"शेठ सोडून पूजेला माणसं किती होती, ताई?"

"आठ."

"आणि ताटात बिल्ले?"

"नऊ."

"तासाभराहून जास्त वेळ तुमच्या समोर होते," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच तिला सहन होईना. "पूजेच्या दिवशी मला कुणी मोजतच नाही ना."

अनुजा भरल्या वॉर्डात, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी रडली. तिला कुणी उगी केलं नाही.