तिकडची खाज

कसबा पेठेतील एका इमारतीत श्रीनिवास आणि कुसुमताई यांच्या मांजरीला खाज सुटली, आणि ती काही केल्या जाईना. सुसंस्कृत घरात अशा वेळी आधी कारण शोधत नाहीत, दोषी शोधतात. तो लांब नव्हता. जिन्यापलीकडच्या समोरच्याच दारामागे राहत होता.

मांजरीचे नाव बकुळा. तिच्या मानेवरचे केस झडले होते, पोटाची कातडी लाल झाली होती. श्रीनिवास निवृत्त प्राध्यापक. समतेवर व्याख्याने देत, आणि ती मनापासून देत. कुसुमताईंनी तर या मांजरीला कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवले होते. बकुळेने अन्न सोडले तेव्हा त्यांचा धीर सुटला, आणि दोघे तिला टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टर हेमा गोरे यांच्याकडे घेऊन गेले.

"घराबाहेर जाते का ही?" डॉक्टरांनी विचारले.

"तिकडे जाते," कुसुमताई आवाज खाली आणून म्हणाल्या.

"तिकडे म्हणजे?"

"म्हणजे समोर. ते लोक आहेत ना."

"कोणते लोक? वकील, शिंपी, सरकारी नोकर?"

श्रीनिवास खाकरले. "सकीनाबाई म्हणून आहेत. तशी माणसं चांगली आहेत हो. पण त्यांच्याकडचं खाणं..."

"मांसाहारी? मांजरीचंही तेच असतं."

डॉक्टरांनी कातडीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पिसवा नव्हत्या, खरजेचे किडे नव्हते, बुरशीही नव्हती. मग त्यांनी मांजरीची पाठ हुंगली.

"काय लावता हिला?"

"लावत काही नाही. तिकडून आली की जंतुनाशकाच्या पाण्यानं धुऊन घेते. घरात देव आहेत ना."

"रोज?"

"रोजच जाते ती."

डॉक्टरांनी बकुळेला टेबलावरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले. "कुसुमताई, हिला धुण्याचाच आजार झालाय. फरशी पुसायचं ते जंतुनाशक मांजरीला विष असतं. ते कातडी जाळतं. मग ही अंग चाटते आणि ते पोटात जातं. असंच चालू राहिलं असतं, तर ही गेली असती."

"मी तिच्या भल्यासाठीच..."

"मघाशी देवांसाठी म्हणालात."

"खाण्याची ॲलर्जीसुद्धा असू शकते ना?" प्राध्यापकांनी शेवटचा गड लढवला.

"असू शकते. त्यासाठी ती समोर काय खाते, हे त्यांना विचारावं लागेल. विचारलंत कधी?"

समतेच्या व्याख्यात्यांना हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला असावा.

"धुणं आजपासून बंद," डॉक्टर म्हणाल्या. "ही गोळी द्या. एकानं धरायचं, एकानं द्यायची."

त्याच संध्याकाळी कुसुमताईंनी समोरची बेल वाजवली. बकुळा आतच होती.

"या ना," सकीनाबाई म्हणाल्या. "मीच येणार होते. हिच्या अंगाला औषधाचा उग्र वास येतो. म्हटलं, तुमच्याकडे कुणी अंथरुणाला खिळलंय की काय. एकदा दाराशी आलेही होते, पण तुम्ही दार लावून घेतलंत."

"काय खाते हो ही इथे?"

"उकडलेली कोंबडी, बिनमिठाची. हल्ली तीही नको असते. खिडकीत बसते आणि चाटत राहते."

येथे कुसुमताईंना ॲलर्जीविषयी बोलता आले असते. सभ्य माणसांना निसटायला एवढी फट पुरते. त्या म्हणाल्या, "तो वास माझ्यामुळे येतो. तुमच्याकडून आली की मी तिला धूत होते."

सकीनाबाईंनी बकुळेला उचलून घेतले. "असू द्या" असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि त्यांनी म्हणूही नये.

"गोळी आणलीय?" त्यांनी विचारले. "मग आत या. मी धरते."

एकीने धरले, एकीने जबडा उघडला, बकुळेने दोघींनाही निःपक्षपातीपणे ओरबाडले. पुढे रोज असेच चालले, आणि महिन्याभरात तिच्या मानेवर नवे केस उगवले.

नागरिकहो, ज्याला आपण शुद्धी म्हणतो, ती नेहमी दुसऱ्याच्याच कातडीवर पार पडते. मांजर तरी अंग ओरबाडून ते दाखवते. माणसे शेजारधर्म म्हणून गप्प राहतात, आणि आपण त्या मौनाला सलोखा म्हणतो. खाज कुठून आली ते शोधायचे असेल, तर आधी आपल्या हातातली बादली खाली ठेवावी लागते.