बिनकोळशाची इस्त्री

मला माणसांचा संशय फार लवकर येतो. पंचवीस वर्षं कारकुनी केल्यावर दुसरं काय होणार? आणि नागनाथचा तर मला पहिल्या दिवसापासून संशय होता.

आता तुम्हीच बघा. माझं घर परभणीतच, ऑफिसपासून दहा मिनिटांवर. तरी पावसाळ्यात ऑफिसची पायरी चढेपर्यंत माझी पँट नडगीपर्यंत चिखलानं भरलेली असायची. हा गडी यायचा झरीच्याही आत तीन मैल असलेल्या वस्तीवरून, एका जुन्या राजदूत मोटारसायकलवर. आणि साडेदहाच्या ठोक्याला पांढरा शर्ट, पांढरी पँट घालून मस्टरवर सही करायचा. कपड्यांवर डाग नाही, सुरकुती नाही. पँटची घडी तर पट्टी लावून आखल्यासारखी. शिवाय सकाळचा पहिला तासभर हा माणूस खुर्चीवर टेकायचाच नाही, कपाटापाशी उभं राहून फायली चाळायचा. साहेबांना दाखवायला, दुसरं काय, असं मी म्हणायचो. थोडं मोठ्यानंच म्हणायचो.

सत्त्याहत्तर साली भाद्रपदात नवे साहेब आले. कर्मचाऱ्यानं नोकरीच्या गावीच राहायचं, हा नियम त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढला. नागनाथला आधीच्या साहेबांनी सूट दिली होती, कारण त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले होते. नागनाथ साहेबांपुढं हात जोडून म्हणाला, "साहेब, वडलांना सकाळ-संध्याकाळ उचलायला मीच लागतो. घरात दुसरा गडीमाणूस नाही. परभणीत खोल्या बघितल्या, पण आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असते. वर्ष झालं, एक दिवस उशीर नाही माझा."

साहेबांनी मला आत बोलावलं. "दिनकरराव, अशा रस्त्यानं इतका स्वच्छ माणूस रोज येतो, हे पटतं तुम्हाला?"

"नाही पटत," मी म्हणालो. खरंच पटत नव्हतं. पाच वाजता पळायला मिळावं म्हणून खेड्याचं निमित्त, आणि मुक्काम इथंच कुठल्या तरी पाहुण्याकडे, असा माझा हिशेब होता.

"मग उद्या न सांगता त्याच्या घरी जा, त्याच्याबरोबरच गाडीवर या, आणि मला अहवाल द्या. साडेदहाला तो नीटनेटका इथं असला तर सूट चालू. उशीर झाला किंवा चिखलात लोळून आला, तर आठ दिवसांत त्यानं परभणीत राहायला यायचं."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं झरीला उतरलो. चपला हातात, पँट गुडघ्याच्या वर गुंडाळलेली, अशी तीन मैल काळी माती तुडवली. रात्री पाऊस झालेला. एकेका पायाला शेर-शेर चिखल चिकटत होता आणि मी नागनाथला, साहेबांना आणि माझ्या नशिबाला पाळीपाळीनं शिव्या घालत होतो. वस्तीवर पोहोचलो तेव्हा आठ वाजत आले होते.

नागनाथ घरातच होता. माझा पहिला हिशेब तिथंच चुकला.

मला दारात बघून तो गडबडला, पण बोलला एवढंच, "या, दिनकरराव. जरा बसा, बापूंना उचलायची वेळ झाली." त्याच्या बायकोनं, सत्यशीलाबाईनं, पाय धुवायला पाणी दिलं. दोन खणांचं घर. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. खाली बाजेवर सटवाजी, म्हणजे नागनाथचे वडील, छातीवर एक हात ठेवून सरळ पडलेले. वाऱ्यानं त्यांची डावी बाजू गेली होती. नागनाथनं त्यांना दोन्ही हातांवर अलगद उचललं. तेवढ्यात सत्यशीलाबाईनं बाजेवरची गोधडी गुंडाळली. गोधडीखाली लाकडी फळी होती आणि फळीवर एक पांढरा शर्ट आणि एक पांढरी पँट पसरलेली होती. घडी पट्टीनं आखल्यासारखी.

मी जवळ जाऊन वाकून बघितलं.

"गावात इस्त्री न्हाई," सटवाजी म्हणाले. जीभ जड होती, पण डोळे हसत होते. "सून खळ काढून देती, आन मी रातभर वर पडतो. कोळसा लागत न्हाई का काय न्हाई."

"रात्रभर?" मी म्हणालो. "मग कूस बदलताना चुरगळत नाही?"

"कूस बदलतच न्हाई. बदलली का घडी मोडती." मग म्हणाले, "उटून तर कायबी करता येत न्हाई. मग निस्तं पडून राहन्यात काय हाय? लेकाच्या कामाला यायलाय आंग. अजून गरम हाय तवर."

मला रात्री एका कुशीवर अर्धा तास राहवत नाही. हा माणूस वर्षभर, रोज, न हलता पडून होता, आणि ते ओझं असल्यासारखं बोलतही नव्हता.

चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "कचेरीत व्हय तुमी? मी बी यायचो. निजामाच्या वक्ताला गावचं टपाल घिऊन, पायी. शिपाई म्हनायचा, चिखलाचे पाय हायत, भाईरच थांब. दिसभर भाईर उबा. मला वाटायचं, खरंच चिखल हाय, त्याचं बी बरुबर हाय." ते हसले. "मग ध्यानात आलं, आरं, उन्हाळ्यात बी हेच म्हनायलाय की ह्यो! उन्हाळ्यात कुटला चिखल?"

मी कप खाली ठेवला. सटवाजींनी शर्ट-पँट दोन जुन्या पुठ्ठ्यांच्या मधे ठेवून घेतली, वरून प्लॅस्टिक गुंडाळलं आणि उजव्या हातानं आणि दातानं सुतळीची गाठ मारली. गाठ ढिली बसली. ती मला तेव्हाच खटकली होती.

नागनाथची गाडीवरची तयारी निराळीच होती. अंगात बंडी, खाली खाकी हाफ पँट, पाय अनवाणी. खताच्या पोत्यातलं आतलं जाड प्लॅस्टिक, त्याला डोक्यासाठी आणि हातांसाठी भोकं पाडलेली, हा त्याचा रेनकोट. तो त्यानं मला घातला. "तुम्ही पाहुणे," म्हणाला. एरवी पुठ्ठ्यांचं गाठोडं तो पाठीला बांधायचा. आज मागं मी होतो म्हणून ते माझ्या मांडीवर दिलं. "आडवंच धरा, दिनकरराव. आणि गाठ ढिली वाटली तरी असू द्या."

त्या तीन मैलांत मला कळलं की मोटारसायकल चालवणं म्हणजे बहुतेक वेळ ती ढकलणं असतं. काळी माती चाकाला चिकटून मडगार्डमध्ये गच्च बसते आणि चाक फिरतच नाही. मग नागनाथ उतरायचा, बाभळीच्या चपट्या फळीनं माती खरवडायचा, शंभर पावलं जायचं, की परत तेच. मडगार्ड काढून टाकलं तर चाक फिरतं, पण मग सगळा चिखल अंगावर. त्यानं पुढचं काढलं होतं आणि मागचं ठेवलं होतं. पुढच्याचा चिखल त्याच्या छातीवर यायचा, पाठीवरच्या गाठोड्यावर काही नाही. हे रोज, जाताना आणि येताना. आणि आम्ही ऑफिसात त्याला नवरदेव म्हणायचो.

ओढ्याच्या उतारावर मागचं चाक अडकलं. नागनाथ खाली बसून खरवडायला लागला. मी गाठोडं घेऊन बाजूला उभा. आणि आता माझं डोकं बघा. पंचवीस वर्षं मी फायलींची दप्तरं बांधली आहेत. ढिली गाठ दिसली की माझे हात शिवशिवतात. वाटलं, हा खरवडतोय तोवर चौफेर सुतळी घेऊन नीट बांधून देऊ, माणसानं एवढं तरी करावं. मी गाठ सोडली. सुतळी दातात धरली. प्लॅस्टिक सारखं करायला एक पाय पुढं टाकला, आणि तो पाय गेला.

मी पडलो नाही. पडलो असतो तर बरं झालं असतं. शर्ट आणि पँट पुठ्ठ्यांतून घसरली आणि काळ्या चिखलात पालथी पडली.

नागनाथनं मागं वळून बघितलं. मी दातात सुतळी धरून उभा होतो. त्यानं कपडे उचलले, एकदा झटकले. चिखल झटकल्यानं कुठं जातो? मग ते परत पुठ्ठ्यांच्या मधे ठेवले, पहिल्यासारखेच, घडी सांभाळून.

"बापूंना सांगू नका," एवढंच म्हणाला. "चला. उशीर तरी नको."

डांबरी रस्ता लागल्यावर त्यानं गाडी पळवली. मागं बसून मी त्याच्या मानेवर सुकत चाललेला चिखल बघत होतो. एका माणसाची रात्र मी ओढ्यात टाकली होती, आणि आता आठ दिवसांत त्या बाजेवरच्या माणसाला उचलायला कोणी उरणार नव्हतं. स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परभणीच्या अलीकडे सितारामचं चहाचं हॉटेल होतं. त्याच्या मागं हौद. नागनाथ रोज तिथं अंग धुवून कपडे बदलायचा. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. नागनाथ हातपाय धुवून, बंडी आणि हाफ पँट पिळून परत तीच घालायला लागला.

"थांब," मी म्हणालो, आणि माझा शर्ट काढला.

"दिनकरराव, काय करताय?"

"मी तुझा सीनियर आहे. हुकूम आहे. घाल." मी गुंडाळलेली पँट सोडून त्याच्यापुढं धरली. त्याच्याच प्लॅस्टिकमुळं ती कोरडी राहिली होती. आम्ही दोघंही काटकुळे, ही एक देवाची कृपा. त्यानं कपडे घातले, मी त्याची ओली बंडी आणि खाकी हाफ पँट. त्याला पुढं पाठवलं, आणि मी मागून चालत निघालो.

ऑफिसच्या पायरीवर काशीनाथ शिपाई उभा होता. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसा तो खेकसला, "ए, चिखल घेऊन कुठं निघालास? बाहेर थांब!"

मी थांबलो. खरंच थांबलो. मान वर केली तसा काशीनाथ चपापला. "अरे देवा, दिनकरराव तुम्ही! या, या, आत या." आणि चिखलासकट त्यानं मला वाट करून दिली.

मला ओळखलं म्हणून आत सोडलं. सटवाजींनाही त्या काळच्या शिपायानं रोज ओळखलं असणार. ओळखलं म्हणूनच तर बाहेर ठेवलं. ही गोष्ट ऑफिसची पायरी चढताना, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, माझ्या डोक्यात शिरली.

साहेब माझ्याकडं बघून हसायचे थांबेनात. मी तसाच उभा राहून अहवाल सांगितला. कपडे माझ्यामुळं पडले, हेही सांगितलं. "तो साडेदहाला, नीटनेटका, मस्टरवर आहे. चिखलात आलो तो मी. आणि साहेब, त्याची सूट काढायची असेल, तर त्या रस्त्यानं एकदा तुम्ही या, मग काढा."

साहेबांनी बराच वेळ माझ्या पायांकडं बघितलं. मग कागद ओढून घेऊन सूट कायम केल्याचा शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी नागनाथनं माझ्या टेबलावर दोन पुठ्ठ्यांचं गाठोडं ठेवलं. वर ढिली गाठ. "बापूंना कळलं," तो म्हणाला. "तुमचे कपडे बघितल्या बघितल्या म्हणाले, ही घडी माझी नाही. मग सगळं सांगावं लागलं. काल रात्री तुमच्या कपड्यांवर झोपले. माझे कपडे सत्यशीलेनं शेजारी वाळत टाकले होते. म्हणाले, आधी त्यांचे, साहेबलोकांचे कपडे चुरगळलेले जाऊ नयेत."

पाहिलं तर खरंच, त्या दिवशी नागनाथच्या अंगावरचा शर्ट चुरगळलेला होता. वर्षात पहिल्यांदा.

मी गाठोडं घरी नेलं. सुतळी सावकाश सोडली, घडी हलू दिली नाही. सकाळी ते कपडे घातले तेव्हा माझी बायको कावेरी लांबून बघत म्हणाली, "कुठल्या लाँड्रीत टाकले होते हो?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "मग जरा जपून बसा."

ऑफिसात आलो. मस्टरवर सही केली. खुर्ची ओढली आणि बसायला वाकलो, पण बसवेना. म्हातारा माणूस रात्रभर ज्याच्यासाठी हलला नाही, ते मी एका बसण्यात मोडून कसं टाकणार? समोर नागनाथ रोजच्यासारखा कपाटापाशी उभा होता. वर्षभर मी त्याला ज्यावरून बोलत होतो, त्याचं कारण मला आता कळलं.

"बसा की, दिनकरराव," तो म्हणाला.

"बसतो," म्हणालो, आणि एक फाईल घेऊन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.